भरल्या टाकीचं दुखणं

ट्रॅक्टर पुन्हा बसला, आणि बसला तोही रानाच्या बरोबर मधोमध. कडेला बसला असता तर बघणाऱ्यांना निदान माना वाकड्या कराव्या लागल्या असत्या. मधोमध बसल्यामुळे चारी बांधांवरच्या लोकांची सोय झाली. आधी आवाज खोल गेला, मग दोन धक्के बसले, सायलेन्सरनं पांढरट धुराची एक गुळणी टाकली आणि सगळं गप्प झालं.

धाकटी लगेच खाली उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. ती या घरातली धाकटी सून. नवरा मालाच्या ट्रकवर, कधीमधी घरी टेकायचा. सासऱ्याचं उजवं अंग गेलं, हात लुळा पडला, तेव्हापासून ट्रॅक्टर तिच्या हातात आला. बाईला इंजिनातलं कळतं हे गावाला मान्य नव्हतं. पण मळणीचं यंत्र अडलं, पाण्याची मोटर अडली की हेच गाव मागच्या दारानं यायचं आणि तिला गुपचूप घेऊन जायचं. तिला हे सगळं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

"बसला का?" बांधावरून थोरल्या दिरानं विचारलं. डोळ्यांना दिसतंय ते तोंडानं विचारायची त्याला सवयच होती.

"बसला, भाऊजी."

"कालही बसला होता."

"हो. कालही बसला होता."

"मिस्त्री येऊन गेला तरी बसला."

मिस्त्री खरंच काल संध्याकाळी येऊन गेला होता. भला माणूस. त्यानं अंगणात टाकीत डोकावून डिझेल बघितलं, फिल्टर बदलला, इंजिन चालू केलं, आणि ते असं सुरेल चाललं की मिस्त्रीच ओशाळला. चहा पितापिता म्हणाला, आता हा पंप तरी असेल नाहीतर तुमचा वहीम तरी असेल. पंप असेल तर काढून शहरात न्यावा लागेल, तिथे नंबर लागेल, मग बघू. तो गेला, आज सकाळी ट्रॅक्टर रानात आला आणि दोन फेऱ्यांत बसला.

थोरला ढेकळांतून चालत जवळ आला. वाकून त्यानं मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. मातीचा गोळा झाला आणि बोटाच्या टिचकीनं फुटला. चिखल नाही, धूळ नाही. पेरणीला हवा तसा वाफसा होता. वरून ऊन मात्र असं पडलं होतं की बघता बघता ओल ओढून घेत होतं. वाफसा गेला की बी मातीत नुसतं पडून राहणार, आणि वर्षाचं रान हातचं जाणार.

"मी पलीकडच्या वस्तीवर जातो," तो म्हणाला. "तिथल्या नव्या ट्रॅक्टरवाल्याला रान दाखवायला दुपारी घेऊन येतो. तो उद्या उजाडता लागेल आणि पेरून मोकळा होईल. आणि येताना भंगारवाल्यालाही निरोप ठेवतो."

"भंगारवाल्याला कशाला? संध्याकाळपर्यंत थांबा ना भाऊजी."

"मी थांबतो गं. जमीन कुठे थांबते?"

माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. तो बरोबर बोलत होता, आणि बरोबर बोलणाऱ्याशी भांडायला माणसाजवळ काहीतरी असावं लागतं. तिच्याजवळ फक्त बसलेला ट्रॅक्टर होता.

"दुपारी तुम्ही याल तेव्हा हा चालत असला तर?" तिनं विचारलं.

"चालत असला तर बघू."

तो गेला. त्याची पाठ लहान होत जाईपर्यंत ती बघत राहिली आणि मग पाना घेऊन खाली उतरली. ट्रॅक्टर भंगारात गेला की तिच्या हाती पुन्हा खुरपं येणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. लग्न झाल्यापासून बरीच वर्षं तिनं याच रानात ओणवं बसून तण उपटलं होतं. पाठीच्या मणक्यांना ते अजून आठवत होतं. या सीटवर बसल्यापासून लोक तिच्याशी मान वर करून बोलायला लागले होते. ते तिला सोडायचं नव्हतं. का सोडावं?

"ऐक," ती इंजिनाला म्हणाली. "तुला एक हवा लागते, एक डिझेल लागतं, आणि आत दाब लागतो. चौथं काही मागायची तुझी ऐपत नाही. यातलं काय कमी पडतंय तेवढं सांग."

हवेचं तिनं सकाळीच बघितलं होतं. गाळणीचं भांडं स्वच्छ होतं. दाब असा की हँडल मारायला दोघं लागत. राहिलं डिझेल. डिझेल पोचत नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. का पोचत नाही, तेवढंच कळत नव्हतं. नळी धुतली होती, वायसर नवे घातले होते, टाकीतलं डिझेल कापडानं गाळून भरलं होतं. दर वेळी ट्रॅक्टर बसला की फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, फीड पंपाची खिट्टी अंगठा दुखेपर्यंत दाबायची, फेस निघून जाऊन स्वच्छ धार आली, म्हणजे आतला एअर निघाला, की स्क्रू आवळायचा आणि सेल्फ मारायचा. लगेच चालू. आत्ताही तिनं तेच केलं आणि तो लगेच चालू झाला. थोडं अंतर गेला आणि पुन्हा बसला.

तेवढ्यात थोरली जाऊ पाण्याची कळशी घेऊन आली. तिचं आणि इंजिनाचं कधी पटलं नव्हतं. तिच्या मते त्याच्यामुळे घरातले सगळे टॉवेल काळे झाले होते.

"काय म्हणतोय तुझा लाडका?"

"रुसलाय, ताई."

"काल तर बरा होता. दुपार टळेपर्यंत ओढत होता ना?"

"काल बराच ओढला. आज सकाळपासून पावलापावलाला बसतोय."

"मग आज काय निराळं खाऊ घातलंस त्याला?"

"निराळं काही नाही. तेच डिझेल. फक्त आज टाकी काठोकाठ भरली. म्हटलं, मध्ये थांबायला नको."

"मग बरोबर आहे. पोटाला तडस लागेपर्यंत जेवला की तुझे भाऊजीही असेच आडवे होतात," थोरली म्हणाली आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला.

धाकटीनं तांब्या घेतला, पण तोंडाला लावायचं विसरली. काल टाकी अर्धी होती आणि तो बराच चालला. परवा तळाशी टेकली होती, तेव्हा तर दिवसभर बसलाच नव्हता. आज भरली, तर चालतच नाही. म्हणजे हा उपाशी असला की चालतो आणि पोटभर असला की बसतो. असं इंजिन तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. इंजिन असं वागत नाही, याची तिला खात्री होती. मग हे इंजिनाचं दुखणं नाहीच. पंपाचं तर नाहीच नाही. पंपाला टाकी भरलेली की रिकामी, काय कळतंय?

"ताई, थोडा वेळ इथेच थांबता का? एका हाताचं काम नाही."

"मला स्वयंपाक आहे."

"एवढं झालं की मी भांडी घासते."

"सगळी?"

"सगळी."

थोरलीनं कळशी बांधावर ठेवली आणि बाह्या वर केल्या. हा सौदा तिला परवडण्यासारखा होता.

धाकटीनं पाण्याचे घोट घेतले, तोंड पुसलं आणि मनाशी ठरवलं. आजवर हा दर वेळी बसला की आपण त्याला उठवायची घाई केली. बसलेला असताना आत काय असतं, ते मिस्त्रीनंही बघितलं नाही आणि आपणही नाही. आता त्याला बसू द्यायचं आणि तसंच बघायचं. तिनं एअर काढला, सेल्फ मारला, पेरणी यंत्र जमिनीत घातलं आणि निघाली. या खेपेला तो बसावा म्हणून ती वाट बघत होती. तो बसला. स्क्रूला हात न लावता तिनं उडी मारली, थोरलीला रिकामा डबा नळीखाली धरायला लावला आणि टाकीकडून येणारी नळी फिल्टरजवळ सोडली.

टाकी भरलेली, नळी खाली. धो धो डिझेल यायला हवं होतं. चार थेंब आले आणि थांबले.

"तुंबलंय वाटतं," थोरली म्हणाली.

"तुंबलं असतं तर कालही तुंबलं असतं." धाकटीनं नळीच्या तोंडावर बोट ठेवलं, आणि काय होतंय ते तिला कळायला क्षण गेला. नळी डिझेल देत नव्हती. नळी तिचं बोट आत ओढत होती. तिनं बोट काढलं तशी नळीतून आत, टाकीच्या पोटात, एक बुडबुडा गुडगुडत वर गेला. मग आणखी एक.

ती टायरवर पाय देऊन वर चढली आणि टाकीचं झाकण दोन्ही हातांनी धरून फिरवलं. झाकण हलेना. तिनं ओठ दाबून जोर लावला. झाकण सुटलं तेव्हा टाकीनं मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला, आणि खाली थोरली दचकून ओरडली, कारण नळीतून धार सुटून तिच्या पायांवर आली होती.

"धरा, डबा धरा ताई."

"आधी सांगायचं तरी, माझे आई. पाय बघ माझे."

धाकटी वरच हसत बसली. इतकं हसू आलं की पाना हातातून पडला. एवढंच होतं तर. टाकीत डिझेल कमी होत जाणार, तितकी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणात एक बारीक भोक असतं. ते बंद असलं की टाकी आतून चोखली जाते, आणि पंपानं कितीही ओढलं तरी डिझेल सोडत नाही. अर्धी टाकी असली की आत हवा भरपूर, म्हणून वेळ लागतो. काठोकाठ असली की लगेच. मिस्त्रीनं आल्या आल्या टाकीचं झाकण उघडून बघितलं, आणि तिथेच दुखणं बरं झालं.

तिनं झाकण उलटं केलं आणि तिचं हसू थांबलं.

भोक धुळीनं बुजलं नव्हतं. कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीचा तुकडा मळून त्यात नीट दाबून बसवला होता. वरून लाल रंगाचा हात फिरवलेला. रंग एका बाजूला ओघळला होता, जसा डाव्या हातानं काम करणाऱ्याचा ओघळेल तसा.

उन्हाळाभर ट्रॅक्टर अंगणात उभा होता आणि म्हातारा सासरा उन्हाळाभर त्याच्याभोवती. लुळा हात पोटाशी धरून डाव्या हातानं तो गंज घासायचा, तेल द्यायचा, ब्रश चालवायचा. जुन्या पत्र्याला त्यानं नव्यासारखं केलं होतं. पत्र्याला कुठे भोक पडलं, टाकी कुठे पाझरायला लागली की साबण चोपडायचा, ही त्याचीच जुनी युक्ती. भोक दिसलं, बुजवलं. पण झाकणाच्या भोकाचं तिला कुणी शिकवलं होतं? त्यानंच. याच टाकीवर बोट ठेवून तो म्हणाला होता की पोरी, टाकीलाही श्वास लागतो. तोच हे विसरला होता.

हात जाणं वेगळं आणि हे जाणं वेगळं.

"काय गं, काय झालं?" थोरलीनं खालून विचारलं.

"काही नाही. कचरा होता." तिनं केसांतला आकडा काढून साबण कोरून काढला, फुंकर मारली, झाकणातून उजेड दिसतोय ना ते बघितलं आणि झाकण लावलं. साबणाचा चुरा शर्टाच्या खिशात टाकला.

मग नळी जोडली, एअर काढला आणि ट्रॅक्टर चालू केला. पहिल्या फेरीला तिचे कान इंजिनाकडे होते. दुसऱ्या फेरीला ती मागे वळून ओळी सरळ पडतायत का ते बघायला लागली. त्यानंतर तिला तो बसायची भीती वाटलीच नाही. कारण सापडलं की भीती कशाची? भरल्या टाकीनं ट्रॅक्टर ओढत होता, मागे दाण्यांवर माती पडत होती, आणि बांधावरची बघणारी मंडळी एकेक करून आपापल्या कामाला लागली होती. बघायला काही उरलं नव्हतं.

दुपारी थोरला आला. त्याच्याबरोबर नव्या ट्रॅक्टरवाला होता. दुसऱ्या बाजूनं थोरली जेवणाचा डबा घेऊन आली आणि तिच्या खांद्याचा आधार घेत, एक पाय ओढत, म्हाताराही आला. रोज तो एवढं चालत नसे. आवाज थांबत नाही म्हणून त्याला राहवलं नव्हतं.

अर्ध्याहून जास्त रान पेरून झालं होतं. धाकटीनं ट्रॅक्टर बांधाशी आणला, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरली.

नव्या ट्रॅक्टरवाल्यानं रानावरून नजर फिरवली. "मला कशाला चालवलंस रे एवढं?" तो थोरल्याला म्हणाला आणि हसून माघारी वळला.

थोरल्याला हायसं वाटलेलं दिसत होतं, पण चारचौघांत फुकट चालत जाऊन आल्याचा रागही होता. "काय निघालं?" त्यानं विचारलं.

"टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं होतं."

"कशानं?"

"धुळीनं."

"रंग दिलेल्या झाकणात धूळ?" तो टाकीवर वाकला. भोकाच्या कडेला पांढरं काही उरलं होतं. ते नखानं खरवडून त्यानं नाकाशी नेलं. "हा तर साबण आहे. साबण कुणी भरला?"

म्हातारा बांधावर टेकला होता. त्याच्या डाव्या हाताच्या नखांत लाल रंग अजून होता. धाकटीनं तिकडे बघायचं टाळलं.

"मी भरला," ती म्हणाली. "उन्हाळ्यात. धूळ जाऊ नये म्हणून."

तोंडातून शब्द गेले आणि आपण काय केलं ते तिला कळलं. थोरला तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे रोग तूच लावलास आणि औषधही तूच दिलंस. मिस्त्री आणला, फिल्टर घातला, गावानं तमाशा बघितला. आणि ही म्हणे इंजिनातलं जाणते. उद्या इंजिनात माती भरलीस तर?" त्यानं नखातला साबण झटकला. "हे रान उरकून घे. पुढचं पुढे. यावर कुणी जाणता माणूस ठेवावा लागेल."

सकाळपासून जे वाचवायला ती धडपडली होती, ते तिनं स्वतःच्या तोंडानं घालवलं होतं. तरी पुन्हा विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं.

"साबण..." म्हातारा म्हणाला.

झटक्यापासून त्याची जीभ जड झाली होती. तो बोलायला लागला की घरातले आपोआप थांबत. थोरली डबा सोडता सोडता थांबली.

"साबण माझा. रंगही माझा. मी बुजवलं." त्यानं डावा हात वर केला आणि स्वतःच्याच नखांकडे बघितलं. "मला वाटलं, भोक पडलंय."

इंजिन तेवढं चालू होतं.

"बाबा, होतं असं," थोरला म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता.

"होत नाही असं. मला झालं." म्हाताऱ्यानं धाकटीकडे मान वळवली. "खोटं का बोललीस?"

तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते काळ्या हातानं पुसले, त्यामुळे तोंडभर काळं झालं.

"मला विसरायला होतंय," म्हातारा म्हणाला. एकेक शब्द तो ओझं उतरवल्यासारखा उतरवत होता. "ते मला कळतंय. अजून तरी कळतंय. तू ऐक रे. जाणता माणूस आणायचा नाही. तो घरात आहे. यापुढे यंत्राचं काही असलं तर हिला विचारायचं. मला नाही."

थोरल्यानं मान खाली घातली. मग तो बांधावर गेला, बियाण्याचं पोतं उचलून खांद्यावर घेतलं आणि पेरणी यंत्राजवळ येऊन उभा राहिला. "किती ओतू?" त्यानं विचारलं.

"निम्मी पेटी भरा, भाऊजी. उरलेल्याला पुरेल."

त्यानं निम्मी पेटी भरली.

धाकटी सीटवर चढली. तिला जे हवं होतं ते सगळ्यांसमोर मिळालं होतं, आणि आनंद काही होत नव्हता. बांधावर म्हातारा जमिनीकडे बघत होता. आता आपलं इथे काय काम, अशा बेतानं त्यानं उठायला हात टेकला होता.

तिनं एक फेरी मारली आणि त्याच्यासमोर येऊन ट्रॅक्टर थांबवला.

"मामंजी, आवाज कसा येतोय?"

"आत्ता काय सांगितलं मी? मला विचारू नकोस."

"मी विचारतेय. मला मागच्या यंत्राच्या खडखडाटात ऐकू येत नाही."

तो चिडून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर हळूहळू तिच्यावरून इंजिनावर गेली आणि तिथेच थांबली. मान जराशी कलली. बराच वेळ तो ऐकत होता. टेकलेला हात त्यानं उचलून मांडीवर ठेवला.

"एक गिअर खाली घे," तो म्हणाला. "चढाच्या बाजूला दमतोय तो."

तिनं गिअर खाली घेतला. चढाला इंजिनाचा आवाज खरंच मोकळा झाला. पुढच्या फेरीला ती परत आली तेव्हा म्हातारा बांधावर नीट मांडी घालून बसला होता आणि थोरलीला म्हणत होता, माझं ताट इथेच वाढ.